मागल्या रांगेतील खर्ज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जबलपूर येथे भरलेल्या संगीत-श्रवण सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत नाट्यगीते, अभंग आणि भावगीते यांच्या जोडीला एक संध्याकाळ पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी राखून ठेवावी असे कार्यकारिणीने ठरविले, आणि त्या संध्याकाळी बोलण्याचे काम माझ्यावर सोपविले. मी संगीताचा अभ्यासक नव्हे. पस्तीस वर्षे या शहरात यंत्रांच्या सान्निध्यात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रिका जमविल्या, एवढाच माझा अधिकार. विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा मी ‘ट्यूबा’ असे उत्तर दिले. त्यांनी तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि मग अत्यंत सौजन्याने, सायकलच्या दुकानाशी याचा काही संबंध आहे काय, अशी पृच्छा केली. तेव्हा प्रथम हे वाद्य म्हणजे काय ते सांगितले पाहिजे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले आहे. नाव मात्र ठाऊक नसेल. आपल्या शहरात लष्कराची मोठी छावणी. लहानपणी वडिलांचे बोट धरून आम्ही तेथील बँड ऐकावयास जात असू. पुढे चकचकीत कर्णे, मध्ये ढोल, आणि सगळ्यांत मागे, अंगाभोवती अजगराने वेढा घालावा तसे भलेमोठे पितळी वाद्य घेतलेला एक धिप्पाड शिपाई. तो गाल फुगवून ‘भों भों’ करी आणि आम्ही मुले हसत असू. एकदा वडील म्हणाले, “हसू नका. तो थांबला तर बाकीच्यांची पावले चुकतील.” त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला पन्नास वर्षे लागली.

ट्यूबा हे पितळी वाद्यांतील सर्वांत खालच्या स्वरांचे वाद्य. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो पितळी वाद्यांचा खर्ज होय. याची नळी वेटोळी घातलेली असते. ती सरळ केली तर लहान ट्यूब्याची बारा फूट आणि सर्वांत मोठ्याची अठरा फूट भरते. वादक ओठ कंपित करून फुंकतो आणि बोटांनी व्हॉल्व्ह दाबून हवेचा मार्ग लांब-आखूड करतो. खालचा स्वर मोठ्याने धरावयाचा तर छातीतील सारा श्वास काही क्षणांतच संपतो. साधारणपणे संपूर्ण वाद्यवृंदात व्हायोलिने तीस, परंतु ट्यूबा एकच. तो बसतो मागल्या रांगेत, आणि पुष्कळ वेळ नुसताच बसून राहतो.

वाद्यवृंदातील इतर वाद्यांच्या मानाने हे वाद्य वयाने लहान आहे. प्रशियातील लष्करी बँडांचे प्रमुख व्हिल्हेल्म व्हीप्रेख्ट आणि बर्लिनचे वाद्यकार योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ यांनी १८३५ साली त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी खालच्या स्वरांसाठी सर्पाकार लाकडी ‘सर्पंट’ आणि त्यानंतर आलेला ‘ऑफिक्लाइड’ ही वाद्ये वापरीत. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यांनी १८३० साली आपली ‘सिंफनी फांटास्टिक’ लिहिली ती या वाद्यांसाठी. आज तेच स्वर बहुधा ट्यूब्यावर वाजविले जातात. थोडक्यात, हे बँडमधून वाद्यवृंदात आलेले वाद्य आहे, आणि छावणीतील तो शिपाई त्याच्या मूळ घरचाच माणूस होता.

आता मी या वाद्याकडे कसा वळलो ते सांगतो, कारण त्याखेरीज पुढील शिफारशींना अर्थ राहणार नाही. माझे पहिले प्रेम व्हायोलिनवर. सहा वर्षांपूर्वी असे होऊ लागले की, व्हायोलिनचे वरचे स्वर मला दाराआडून यावेत तसे ऐकू येत. प्रथम मी यंत्राला दोष दिला, नंतर ध्वनिमुद्रिकेला. अखेर कानाच्या डॉक्टरांनी समजाविले की, वय वाढले म्हणजे प्रथम उंच स्वर जातात, खालचे बराच काळ टिकतात. आणि ज्याचे आयुष्य यंत्रांच्या घरघरीत गेले त्याचे तर थोडे आधीच जातात. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी घरात एकही ध्वनिमुद्रिका लावली नाही. मंडळाच्या बैठकींनाही येईनासा झालो. ओळखीचे संगीत अर्धेच ऐकू येणे हे काही ऐकू न येण्यापेक्षा अधिक जाचक असते, हे ज्यांच्यावर प्रसंग आला असेल त्यांना सांगावयास नको.

एके दुपारी नातवाने वाग्नरच्या ‘डी माइस्टरसिंगर’ या संगीतिकेची प्रस्तावना लावली. ओटो क्लेम्पेरर यांनी लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाकडून १९६० साली वाजवून घेतलेली. ती मी शंभर वेळा तरी ऐकली असेन. या प्रस्तावनेच्या उत्तरार्धात एक जागा अशी आहे की, तेथे तीन स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी चालतात. वर प्रेमगीताची व्हायोलिनवरील धून, मध्ये मिरवणुकीचे संगीत, आणि तळाशी गायक-कारागिरांच्या मंडळाची भारदस्त चाल. आजवर मी फक्त वरची धून ऐकत आलो होतो. त्या दिवशी ती मला पुसट झाली होती, आणि म्हणूनच खालची चाल प्रथमच स्वच्छ ऐकू आली. डबल-बेस आणि बसून यांच्या बरोबरीने ट्यूबा ती चाल एखाद्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणे न घाईने, न थकता चालवीत होता. मी नातवाला ती जागा पुन्हा लावावयास सांगितली. क्लेम्पेरर यांची ही ध्वनिमुद्रिका माझी पहिली शिफारस. त्यांची गती संथ आहे. त्यामुळे तिन्ही धागे निरनिराळे दिसतात.

दुसरी शिफारस मुलांना बरोबर घेऊन ऐकावयाची. इगोर स्ट्राविन्स्की यांचे ‘पेत्रुश्का’ हे नृत्यनाट्य १९११ साली पॅरिसमध्ये प्रथम झाले. रशियातील जत्रा, थंडी, गर्दी, आणि त्या गर्दीत शेवटच्या प्रवेशात एक खेडूत अस्वल घेऊन येतो. खेडुताची पिपाणी क्लॅरिनेट उंच स्वरात वाजवितो, आणि मागच्या पायांवर डुलत येणारे अस्वल म्हणजे ट्यूबा. आपल्या लहानपणी गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन येत असे. कायद्याने तो खेळ आता बंद झाला, आणि झाला तेच बरे झाले. परंतु त्या मुक्या जनावराच्या चालीत जे अवघडलेपण आणि जे दुःख होते, ते या अर्ध्या-एक मिनिटाच्या वादनात आहे. स्वर ट्यूब्याच्या मानाने बरेच वरचे आहेत, म्हणून वाजविण्यास अवघड. पिएर माँतू यांनी या नाट्याच्या पहिल्या प्रयोगाचे संचालन केले होते. त्यांनीच १९५९ साली बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाबरोबर केलेले ध्वनिमुद्रण मिळवून ऐकावे.

अस्वलामागोमाग बैलगाडी. मुसोर्गस्की यांनी आपल्या दिवंगत चित्रकार मित्राच्या, व्हिक्टर हार्टमान यांच्या, प्रदर्शनावरून १८७४ साली पियानोसाठी एक चित्रमाला रचली. मॉरिस राव्हेल यांनी १९२२ साली ती वाद्यवृंदासाठी बांधली. तीत ‘बिद्लो’ नावाचे चित्र आहे. पोलिश भाषेत बिद्लो म्हणजे गुरेढोरे. मोठ्या चाकांची, बैलांनी ओढलेली जड गाडी दुरून येते, आपल्यासमोरून जाते आणि पुन्हा दूर जाते. ही धून राव्हेल यांनी ट्यूब्याला दिली. त्यांच्या नजरेसमोर होता तो फ्रेंच पद्धतीचा लहान ट्यूबा. मोठ्या ट्यूब्यावर हे उंच स्वर काढणे जोखमीचे, म्हणून पुष्कळ ठिकाणी आज हे चित्र युफोनियम या धाकट्या भावाकडे सोपवितात. ऐकताना दोन्ही प्रकार ताडून पाहावेत. शिकागो सिंफनी वाद्यवृंदाचे फ्रिट्झ राइनर यांच्या संचालनाखालील १९५७ चे ध्वनिमुद्रण मला प्रिय आहे. अखेरच्या ‘कीव्हचे महाद्वार’ या चित्रात ट्यूबा ज्या रीतीने सगळ्या स्वरमेळाखाली पाया घालतो, तेथे विशेष लक्ष द्यावे.

त्या काळी शिकागोचे ट्यूबावादक होते आर्नल्ड जेकब्ज. १९४४ पासून १९८८ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, ते त्या एकाच खुर्चीवर बसले. त्यांना दमा होता आणि फुप्फुसांची क्षमता सर्वसामान्य माणसापेक्षाही कमी होती. ज्या वाद्याला सर्वांत अधिक श्वास लागतो ते ज्याच्यापाशी श्वास कमी त्याने निवडावे, हा योगायोग म्हणावा की हट्ट, कोण जाणे! परंतु असलेला श्वास कसा वापरावा याचा विचार त्यांनी इतका केला की, जगभरचे वादक त्यांच्याकडे श्वास घ्यावयास शिकण्यासाठी येत. त्यांच्या शिकवणीचे सूत्र होते : आधी मनात गाणे, मग वारा.

आता मुंबईशी नाते सांगणारी एक ध्वनिमुद्रिका. झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. १९६२ ते १९७८ या काळात ते लॉस एंजलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते, आणि त्या वाद्यवृंदात १९६४ पासून रॉजर बोबो हे नामांकित वादक ट्यूबा वाजवीत असत. या वाद्यवृंदाने १९७१ साली गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘ग्रहमाले’चे ध्वनिमुद्रण केले. हे होल्स्ट संस्कृत शिकले होते आणि सावित्रीच्या कथेवर त्यांनी एक संगीतिका लिहिली आहे. ‘ग्रहमाले’तील ‘युरेनस, जादूगार’ हा भाग लावावा. आरंभी ट्रंपेट आणि ट्राँबोन चार स्वरांचा मंत्र मोठ्याने उच्चारतात, लगेच टेनर आणि बास असे दोन ट्यूबा तोच मंत्र दुप्पट लगबगीने म्हणतात, मग नगारे. आमच्या घरी या जागेला मुले नेहमी हसतात, आणि हसावे अशीच ती आहे.

परंतु ट्यूबा म्हणजे केवळ अस्वल, बैल आणि जादूगार अशी समजूत होऊ नये. माहलर यांच्या पहिल्या सिंफनीचा तिसरा भाग ऐका. ‘फ्रेर जाक’ हे बालगीत आपल्याकडेही इंग्रजी शाळांच्या बालवर्गांत गायिले जाते. माहलर यांनी ते करुण स्वरांत नेऊन त्याची अंत्ययात्रा केली. नगाऱ्याच्या दबक्या ठोक्यांवर प्रथम एकटा डबल-बेस ते गीत उचलतो, त्यामागून बसून, मग चेलो, आणि मग ट्यूबा. एकाचे संपण्यापूर्वी दुसऱ्याचे सुरू. येथे ट्यूबा जवळजवळ कुजबुजतो. राफाएल कुबेलिक यांनी बव्हेरियन रेडिओ वाद्यवृंदाबरोबर १९६७ साली केलेले ध्वनिमुद्रण या भागासाठी अवश्य संग्रही ठेवावे.

आणि चायकोव्हस्की यांची सहावी सिंफनी. १८९३ च्या ऑक्टोबरात तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतः केला आणि त्यानंतर नवव्या दिवशी ते वारले. शेवटच्या भागात सगळा आक्रोश शमल्यावर गाँगचा एकच मंद आघात होतो. त्यापाठोपाठ तीन ट्राँबोन आणि ट्यूबा, एवढीच चार वाद्ये अगदी हळू, प्रार्थना म्हणावी तसे काही स्वर वाजवितात. येवगेनी म्राविन्स्की यांच्या लेनिनग्राड फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या १९६० च्या ध्वनिमुद्रणात ही जागा ऐकली म्हणजे, एवढ्या अवजड पितळेतून एवढा मऊ स्वर निघू शकतो यावर विश्वास बसत नाही. ज्या वर्षी मी काही ऐकत नव्हतो त्या वर्षानंतर हा भाग मी पुन्हा लावला तेव्हा तो मला अखंड, जसाच्या तसा ऐकू आला. कारण तो सारा खालच्या स्वरांत आहे. त्या दिवशी मला काय वाटले ते सांगत बसत नाही.

एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. मोबाइलच्या चिमुकल्या ध्वनिवर्धकावर यांपैकी काहीही ऐकू नये. खालचे स्वर त्यातून बाहेरच पडत नाहीत. कानाला लावावयाचे चांगले यंत्र घ्यावे किंवा मोठे स्पीकर लावावेत. गंमत अशी की, शंभर वर्षांपूर्वीची अडचण नेमकी हीच होती. १९२५ च्या सुमारास विजेवरील ध्वनिमुद्रण आले. त्याआधी वादक एका मोठ्या कर्ण्यापुढे दाटीवाटीने बसून वाजवीत. त्या कर्ण्याला डबल-बेसचा स्वर पकडता येत नसे, म्हणून पुष्कळदा त्याच्या जागी ट्यूबा बसवीत. ते काम आपले नसतानाही ट्यूब्याने ते बिनबोभाट केले.

आता सुवर्णमहोत्सवाकडे येतो. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा ही संस्था १९०४ साली स्थापन झाली. १९५४ साली तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या महोत्सवासाठी इंग्लंडचे ज्येष्ठ संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी एक नवी रचना केली. त्या वेळी त्यांचे वय एक्याऐंशी होते. महोत्सवासाठी कोणीही व्हायोलिन किंवा पियानो यांनाच अग्रमान दिला असता. व्हॉन विल्यम्स यांनी लिहिली ती ट्यूबा आणि वाद्यवृंद यांची कॉन्चेर्तो. १३ जून १९५४ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाद्यवृंदाचेच ट्यूबावादक फिलिप कॅटेलिनेट मागली रांग सोडून पुढे आले, आणि जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली त्यांनी ती वाजविली. त्याच वर्षी तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली. सारी रचना जेमतेम तेरा मिनिटांची आहे. मधला ‘रोमान्झा’ हा भाग ऐकावा. येथे हे वाद्य गाते. धापा नाहीत, विनोद नाही, नुसते गाणे. पुढे त्याच वाद्यवृंदाचे जॉन फ्लेचर यांनी आंद्रे प्रेव्हिन यांच्याबरोबर, आणि शिकागोत आर्नल्ड जेकब्ज यांनी १९७७ साली डॅनिएल बारेनबॉइम यांच्याबरोबर ही कॉन्चेर्तो मुद्रित केली. तिन्ही ऐकाव्यात, एकच घ्यावयाची असेल तर फ्लेचर यांची घ्यावी.

हे वाचले तेव्हा मला आपल्या मंडळाची आठवण झाली, ती का, हे सूज्ञांस सांगणे नलगे. आपल्या स्मरणिकेत अध्यक्षांची, नाटकांतील नायक-नायिकांची छायाचित्रे येतील, ती यावीतच. परंतु गणेशोत्सवाच्या दिवसांत पहाटे सतरंज्या झटकणारे, वर्गणीच्या पावत्या घेऊन उन्हातून दारोदार फिरणारे, तंबोऱ्याच्या तारा आधी लावून ठेवून कार्यक्रम सुरू होताच मागे जाऊन बसणारे हात कोणाचे होते, हे या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांपैकी दोघे आजही या सभेत, नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, बसलेले मला येथून दिसतात. मी त्यांची नावे घेतली तर ते उठून जातील. माझी कार्यकारिणीला एवढीच विनंती की, समारोपाच्या दिवशी त्यांना व्यासपीठावर बोलवावे, आणि भाषण मात्र करावयास लावू नये.

आता शेवटची ध्वनिमुद्रिका. अंतोनिन ड्वोर्झाक हे चेक संगीतकार १८९२ साली न्यूयॉर्कला संगीतशाळेचे प्रमुख म्हणून गेले आणि १८९५ पर्यंत तेथे राहिले. तेथे त्यांनी ‘नव्या जगातून’ ही सिंफनी लिहिली. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. ती लिहून झाल्यावर उन्हाळ्यासाठी ते आयोवा राज्यातील स्पिलव्हिल या गावी गेले. का? तर तेथे चेक लोकांची वस्ती होती, आणि रस्त्यात आपली भाषा कानी पडत होती. आम्ही दर शनिवारी या मंडळात का येतो, याचे याहून वेगळे उत्तर माझ्यापाशी नाही.

सुमारे चाळीस मिनिटांच्या या सिंफनीत ट्यूब्याला दुसऱ्या भागात मोजून चौदा स्वर आहेत. बाकीचा सारा वेळ वादकाने वाद्य मांडीवर घेऊन बसून राहावयाचे. ट्यूबावादक आपसांत यावरून थट्टा करतात. परंतु ते स्वर कोठे आहेत पाहा : भागाच्या आरंभी, पितळी वाद्यांचे ते गंभीर स्वरमेळ सगळे सभागृह शांत करतात, आणि त्यानंतर कोर आंग्ले या वाद्यावर घरच्या आठवणीची ती प्रसिद्ध धून येते. जमीन आधी तयार होते, मग त्या जमिनीवर गाणे. चेक फिलहार्मोनिकचे कारेल आंचेर्ल यांनी १९६१ साली प्रागमध्ये केलेले हे ध्वनिमुद्रण आहे. १९६८ नंतर त्यांनाही मायदेश सोडावा लागला आणि १९७३ साली टोरोंटो येथे त्यांचे निधन झाले.

मी आता थांबतो. दिवे थोडे मंद करावेत. ते स्वर लगेच, पहिल्याच क्षणी येतील, तेव्हा कृपा करून खुर्च्या आत्ताच सावरून घ्याव्यात. पुढे पुष्कळ वेळाने तीच स्वरावली परत येईल. तोवर तो वादक मागल्या रांगेत वाट पाहत बसला आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.